विश्लेषण : चांगला प्रोग्रामर मोजायचा कसा? बारामती-इंदापूरच्या मुलांना माहीत असायला हवं असं संशोधन

फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरहून एक बातमी आली. इन्फोसिसने आपल्या तिथल्या कॅम्पसमधल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं होतं. कारण काय, तर अंतर्गत परीक्षा ते तीन संधी देऊनही उत्तीर्ण झाले नाहीत आणि करारातच तशी अट होती, असं कंपनीने सांगितलं. हा आकडा सुमारे सातशे असल्याचा दावा पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने केला आणि प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेलं. यातल्या अनेकांनी २०२२ मध्ये पदवी घेतली होती आणि रुजू होण्यासाठी जवळपास दोन वर्षं वाट पाहिली होती.

बरोबर कोण, चूक कोण, यावर बरंच बोलून झालं. पण त्यामागचा एक साधा प्रश्न मागेच राहिला. एखाद्याला प्रोग्रामिंग येतं की नाही, हे परीक्षेवरून नक्की कळतं का?

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न घरोघरचा आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच संस्थेची माहिती तंत्रज्ञानाची वेगळी संस्था आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात कॉम्प्युटर सायन्स शिकवलं जातं. इंदापूर तालुक्यात एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथून बाहेर पडणारी मुलं हिंजवडी, खराडी आणि बंगळुरूच्या कंपन्यांच्या ऑनलाइन टेस्ट देतात. तास-दीड तासाच्या त्या टेस्टवर चार वर्षांचं शिक्षण आणि अनेकदा घरच्यांनी काढलेलं शैक्षणिक कर्ज तोललं जातं.

प्रोग्रामरचं कौशल्य आणि टीमचं काम कसं मोजावं, यावर जगभरात पन्नासहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातून काय हाती लागलं, ते समजून घेऊ.

टनेज की उतारा?

प्रश्न समजायला या भागातलंच उदाहरण सोपं पडेल. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या काट्यावर टनात मोजला जातो. पण कारखान्याला हवी असते साखर. म्हणून उसाचा दर उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त मिळतात.

सॉफ्टवेअरमध्येही सुरुवातीला टनेजच मोजलं गेलं. प्रोग्रामरने कोडच्या किती ओळी लिहिल्या, यावरून त्याचं काम ठरायचं. यातली गोम ॲपल कंपनीतल्या एका किश्शाने जगाला कळली. १९८२ मध्ये तिथल्या मॅनेजरांनी दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा हिशेब मागायला सुरुवात केली. बिल ॲटकिन्सन या प्रोग्रामरने त्या आठवड्यात जुना कोड नव्याने लिहून अधिक वेगवान केला होता आणि तसं करताना सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर आकडा लिहिला, उणे दोन हजार. काही आठवड्यांनी त्याच्याकडून फॉर्म मागणंच बंद झालं.

ओळींऐवजी दुसरं काही मोजण्याचे प्रयत्न आधीपासूनच सुरू होते. १९७६ मध्ये थॉमस मॅकेब यांनी कोडमध्ये किती वाटा-फाटे आहेत त्यावरून गुंतागुंत मोजण्याची पद्धत मांडली. १९७९ मध्ये आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी 'फंक्शन पॉइंट' आणले. म्हणजे कोड किती लिहिला हे बाजूला ठेवून वापरणाऱ्याला किती सोयी मिळाल्या ते मोजायचं. ही मापं आजही वापरात आहेत. पण ती सॉफ्टवेअर मोजतात. ते लिहिणारा माणूस किती तयारीचा आहे, हा प्रश्न उरतोच.

'दहापट प्रोग्रामर' खरंच असतो का?

चांगला प्रोग्रामर सामान्यापेक्षा दहापट काम करतो, हे वाक्य आयटीत सर्रास ऐकू येतं. त्याचं मूळ १९६८ च्या एका प्रयोगात सापडतं. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या अमेरिकी संशोधकांना खरं तर संगणकासमोर थेट बसून काम करणं आणि तसं न करणं, यातला फरक तपासायचा होता. पण त्यांच्या १२ अनुभवी प्रोग्रामरांमध्ये चुका शोधण्याच्या वेळेत सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान यांच्यात २८ पटींचा फरक दिसला. मूळ प्रश्न बाजूला पडला आणि हा २८ चा आकडाच गाजला.

पुढे त्यावर आक्षेप आले. यात थेट संगणकावर काम करणारे आणि न करणारे एकत्र मोजले होते, शिवाय सगळ्यांची प्रोग्रामिंग भाषाही एक नव्हती. १९९९ मध्ये जर्मनीतल्या लुट्झ प्रेशेल्ट यांनी अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान अशा दोनच माणसांची तुलना केली की आकडा फुगतो, हे त्यांनी दाखवलं. वेगवान गट आणि हळू गट यांची तुलना केली, तर फरक साधारण दोन ते चार पटींचा येतो.

हा फरकही लहान नाही. पण बारा माणसांच्या प्रयोगातला एक टोकाचा आकडा पन्नास वर्षं भरतीच्या आणि पगाराच्या चर्चेत फिरत राहिला, यावरून मोजमाप किती जपून करायला हवं ते कळतं.

टॉम डीमार्को आणि टिम लिस्टर यांनी १९८० च्या दशकात आणखी एक बाजू दाखवली. त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोग्रामरांना त्यांच्याच ऑफिसात बसून एकच काम करायला दिलं. एकाच कंपनीतल्या दोघांची कामगिरी बरीचशी सारखी निघाली. ज्यांची कामगिरी वरची होती, त्यांना शांत आणि व्यत्यय नसलेली जागा मिळालेली होती. म्हणजे माणसाचं म्हणून जे मोजलं जातं, त्यात त्याच्या जागेचाही वाटा असतो. स्वतःच्या लॅपटॉपवर, बंद खोलीत टेस्ट देणारा मुलगा आणि कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस जणांच्या गलबल्यात देणारी मुलगी यांचे गुण शेजारी ठेवताना हे लक्षात घ्यावं लागतं.

मग कौशल्य मोजतात तरी कसं?

साधारणतः कंपन्या आणि संशोधकही थेट कौशल्य मोजत नाहीत. त्याच्या जवळपासचं काहीतरी मोजतात. पदवी, अनुभवाची वर्षं, बहुपर्यायी प्रश्नांचे गुण. पाच वर्षांचा अनुभव म्हणजे पाच वर्षं शिकणं असेलच असं नाही. एकच वर्ष पाच वेळा गिरवलेलंही असू शकतं.

या अंदाजपंचे कारभाराला पर्याय म्हणून नॉर्वेतल्या गुन्नार बर्गर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. आठ देशांतल्या ६५ व्यावसायिक प्रोग्रामरांना त्यांनी दोन दिवसांत जावा भाषेतली १९ कामं करायला दिली. उत्तर बरोबर आहे का आणि किती वेळात आलं, दोन्ही धरलं. मग 'राश मॉडेल' ही पद्धत वापरली. जॉर्ज राश या डॅनिश गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते.

उंच उडीची स्पर्धा डोळ्यांसमोर आणली की ती समजते. आडवी काठी किती उंचीवर आहे आणि खेळाडू किती उंच उडतो, दोन्ही एकाच पट्टीवर मोजता येतं. राश पद्धतीत प्रश्नाचा अवघडपणा आणि माणसाचं कौशल्य असंच एका पट्टीवर येतं. जो प्रश्न या पट्टीवर नीट बसत नाही, म्हणजे तयार मुलांना चुकवतो आणि कच्च्यांना जमतो, तो वेगळा काढता येतो. दहापैकी सहा बरोबर, एवढ्यावर न थांबता कोणते सहा, हेही त्यात कळतं.

पण हे करायला त्या संशोधकांना माणशी दोन दिवस लागले. हजारो अर्ज आलेल्या भरतीत कोणतीही कंपनी प्रत्येकाला दोन दिवस देणार नाही.

याउलट अगदी स्वस्त मार्गही तपासला गेला आहे. जर्मनीतल्या यानेट सिगमुंड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२८ विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि सोबत प्रोग्रामिंगची कामंही करायला लावली. 'तुमच्या वर्गातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल?' अशा प्रश्नांची उत्तरं प्रत्यक्ष कामगिरीशी बऱ्यापैकी जुळली. संशोधनापुरतं हे उपयोगी आहे, कारण तिथे खोटं बोलून काही मिळत नाही. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न विचारला, तर उत्तर काय येईल ते सांगायला नको.

संशोधकांना याची एवढी गरज का?

कारण कौशल्य मोजलं नाही, तर बाकीचे निष्कर्षही फसतात. दोघांनी एकाच संगणकावर बसून कोड लिहिण्याच्या पद्धतीला 'पेअर प्रोग्रामिंग' म्हणतात. ती चांगली की वाईट? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात एरिक अरिशोल्म आणि सहकाऱ्यांनी जावाच्या २९५ व्यावसायिक प्रोग्रामरांना घेतलं. सरसकट पाहिलं, तर जोडीने काम केल्यावर श्रम ८४ टक्क्यांनी वाढले आणि अचूकतेत म्हणावा तसा फरक पडला नाही. पण नवखे आणि जाणकार वेगळे करून पाहिल्यावर चित्र बदललं. अवघड रचनेच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या नवख्यांना जोडीचा मोठा फायदा झाला होता.

म्हणजे सगळ्यांची एकच सरासरी काढली असती, तर ज्यांना या पद्धतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापासूनच ती काढून घेतली गेली असती. नुकतेच शिकायला लागलेले विद्यार्थी याच गटात मोडतात.

भारतातला '४.७७ टक्के' कुठून आला?

२०१७ मध्ये ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीचा अहवाल गाजला होता. पाचशेहून अधिक कॉलेजांमधल्या आयटीशी संबंधित शाखांच्या ३६ हजारांवर विद्यार्थ्यांनी त्यांची 'ऑटोमाटा' ही चाचणी दिली. त्यातल्या फक्त ४.७७ टक्के जणांना प्रोग्रामचं लॉजिक बरोबर लिहिता आलं, आणि साठ टक्क्यांहून अधिक जणांचा कोड कम्पाइलच झाला नाही, असं अहवाल सांगत होता. '९५ टक्के इंजिनीअर कोडिंगला नालायक' अशा मथळ्यांनी ही बातमी देशभर छापून आली. उद्योगातल्या काहींनी, विशेषतः मोहनदास पै यांनी, अहवालावर जोरदार टीका केली.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक, तो एका विशिष्ट चाचणीतला, ठरावीक वेळेतला निकाल आहे. दुसरी, चाचणी विकणाऱ्या कंपनीनेच तो प्रसिद्ध केला होता. पण म्हणून तो उडवून लावण्यासारखाही नाही. ज्याने कधी स्वतःच्या हाताने कोड चालवून पाहिला नाही आणि प्रॅक्टिकलची जर्नल उतरवून काढली, त्याला टेस्टमध्ये अडचण येणारच.

खरा प्रश्न आहे चाचणी नक्की काय मोजते, हा. प्रश्न इंग्रजीत असतो, अर्धं पान लांब असतो आणि घड्याळ चालू असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थिनीचा वेळ आधी प्रश्न वाचण्यात जातो. तिचे कमी झालेले गुण प्रोग्रामिंगचे की इंग्रजी वाचनाच्या वेगाचे? मोजमापाच्या शास्त्रात याला वैधता म्हणतात. जे मोजतोय असं म्हणता, तेच मोजताय का? काटा अचूक असला, तरी उसाबरोबर पाचटही तोललं गेलं, तर वजन उसाचं म्हणता येत नाही.

टीममधलं काम कसं मोजतात?

एकट्याचं कौशल्य मोजणं इतकं अवघड, तर टीमचं काय? १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात सांगितलं, की रखडलेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं घातली की तो आणखी रखडतो. हिशेब सोपा आहे. चौघांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलण्याच्या सहा जोड्या होतात, आठ जणांत २८. माणसं दुप्पट झाली, पण बोलणं चौपटीहून जास्त वाढलं.

२००१ मध्ये मार्टिन होगल आणि हान्स गेऑर्ग गेम्युन्डेन यांनी जर्मनीतल्या १४५ सॉफ्टवेअर टीम अभ्यासून टीमवर्क सहा भागांत वाटलं. संवाद, कामाचा ताळमेळ, प्रत्येकाचा समतोल सहभाग, एकमेकांना मदत, मेहनत आणि एकोपा. हे भाग प्रश्नावलीने मोजता येतात. ज्या टीममध्ये ते चांगले होते, त्यांची कामगिरीही चांगली आढळली.

पण चांगली कोणाच्या मते? २०१६ मध्ये नॉर्वेतल्या यंगवे लिंडशोर्न आणि सहकाऱ्यांनी २६ कंपन्यांतल्या ७१ टीममधल्या ४७७ जणांना विचारून हाच अभ्यास पुन्हा केला. टीमचे सदस्य आणि त्यांचा लीडर यांना कामगिरीला गुण द्यायला सांगितले, तेव्हा टीमवर्कचा परिणाम स्पष्ट दिसला. प्रॉडक्ट ओनरने, म्हणजे ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर बनतं त्याची बाजू पाहणाऱ्याने, गुण दिले तेव्हा तो जवळपास दिसेनासा झाला. आमचं छान जमतं, असं टीमला वाटणं आणि गिऱ्हाइकाला काम चांगलं वाटणं, या दोन गोष्टी आहेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं काय?

आता पुन्हा उसाकडे येऊ. एफआरपीचा दर ज्या उताऱ्यावर ठरतो, तो कारखान्याचा सरासरी उतारा असतो. एखाद्याने खत-पाण्याचं नियोजन करून, योग्य वयाचा, ताजा तोडलेला ऊस घातला आणि दुसऱ्याने तोडून वाळलेला घातला, तरी दर दोघांना एकच मिळतो.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये अनेकदा हेच घडतं. समजा, चौघांचा ग्रुप आहे. एकाने बहुतेक कोड लिहिला. एकीने टेस्टिंग केलं, रिपोर्ट लिहिला, गाइडच्या मागे लागून तारखा पाळल्या. एक जण अधूनमधून आला. चौथा थेट ओरलच्या दिवशी. एक्स्टर्नलसमोर दहा-पंधरा मिनिटं होतात आणि चौघांना जवळपास सारखे टर्मवर्कचे गुण पडतात.

एनबीएच्या मूल्यांकनात पदवीधराकडून अपेक्षित गोष्टींमध्ये टीममध्ये काम करण्याची क्षमता स्वतंत्रपणे नोंदवलेली आहे. भारत २०१४ पासून ज्याचा कायम सदस्य आहे, त्या वॉशिंग्टन करारालाही हे अभिप्रेत आहे. ग्रुपच्या एकत्रित गुणांवरून ही क्षमता दाखवायची म्हटलं, तर कारखान्याच्या उताऱ्यावरून एका शेतकऱ्याचा ऊस ओळखण्यासारखं होईल.

मग गिटवर कोणी किती कमिट केले, ते मोजावं का? ते पाहणं सोपं आहे, पण त्यातून ओळींचाच खेळ पुन्हा सुरू होतो. कमिट मोजले जाणार हे कळलं की एका कामाचे दहा कमिट होतात. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो, की माप हेच लक्ष्य झालं की ते माप म्हणून निकामी होतं. शिवाय टेस्टिंग करणारी, रिपोर्ट लिहिणारी, अडलेल्याला समजावून सांगणारी व्यक्ती कमिटच्या यादीत कुठेच दिसत नाही.

यावर अनेक देशांत वापरला जाणारा उपाय म्हणजे सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देणं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून पुढे आलेल्या 'कॅटमी' या पद्धतीत प्रत्येक सदस्य स्वतःला आणि इतरांना पाच गोष्टींवर गुण देतो. कामातला वाटा, इतरांशी वागणं, टीमला मार्गावर ठेवणं, दर्जाचा आग्रह आणि लागणारं ज्ञान. नुसते 'चांगला-वाईट' असे पर्याय न देता वर्तनाची वर्णनं दिलेली असतात. दोस्तीखात्यात सगळ्यांना पूर्ण गुण देण्याचा धोका इथेही आहेच. म्हणून ते गुप्त ठेवणं, वर्षातून दोन-तीनदा घेणं आणि गाइडने वेगळं बोलणं गरजेचं ठरतं.

एआय आल्यावर हे सगळं बदललं का?

प्रश्न आणखी टोकदार झाला. २०२५ मध्ये मेटर या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा होती, काहींत नव्हती. आपला वेळ २४ टक्के वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही २० टक्के वाचला, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला होता. प्रयोग लहान आहे, साधनंही झपाट्याने बदलत आहेत, त्यामुळे एआयने काम मंदावतंच असा अर्थ काढता येणार नाही. पण आपण किती वेगाने काम केलं, याबद्दल जाणकारांचा अंदाजही किती चुकतो, हे त्यातून दिसलं.

कोडच्या ओळी आता एआय हव्या तेवढ्या काढून देतं. त्यामुळे टनेजचं उरलंसुरलं मोलही गेलं. तो कोड वाचून चूक ओळखणं, प्रश्न नीट मांडणं आणि दुसऱ्याला समजावणं, यांचं वजन वाढलं आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात चालू असलेला एआयच्या मदतीने ऊसशेतीचा प्रयोग पाहिला तरी हे कळतं. तिथे उपग्रहाची छायाचित्रं, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती एकत्र येते. ती शेतकऱ्याच्या उपयोगाला यायची, तर प्रोग्रामर, कृषितज्ज्ञ आणि शेतकरी या तिघांनी एकमेकांची भाषा समजून घ्यावी लागते. एकट्याच्या तासाभराच्या टेस्टमध्ये यातलं काहीच मोजलं जात नाही.

विद्यार्थ्यांनी आणि कॉलेजांनी यातून काय घ्यावं?

टेस्ट लगेच बदलणार नाही, त्यामुळे तिची तयारी करावीच लागेल. घड्याळ लावून, इंग्रजीतले प्रश्न वाचून, कोड स्वतः चालवून. पण टेस्टमध्ये नापास होणं म्हणजे प्रोग्रामिंग न येणं, असा निष्कर्ष संशोधनातून निघत नाही. एका दिवसाच्या एका मापाचा तो निकाल असतो. केलेलं काम दाखवता येणं हे दुसरं माप, आणि ते स्वतःच्या हातात आहे. चालणारा प्रोजेक्ट, त्यात आपण नेमकं काय केलं याची नोंद, आणि त्यावर कोणी प्रश्न विचारला तर देता येणारं उत्तर.

कॉलेजांना तर यासाठी नवी इमारत लागत नाही की मोठा निधी. एकाच टेस्टऐवजी वर्षभरात विखुरलेली छोटी कामं, दुसऱ्याचा कोड वाचून सुधारण्याची प्रॅक्टिकल, प्रोजेक्टमध्ये सहकाऱ्यांचे गुप्त गुण आणि ओरलला प्रत्येकाला वेगळा प्रश्न, एवढ्यानेही चौघांतल्या त्या मुलीचं काम कागदावर येईल. कॅम्पसला आलेल्या कंपनीला दाखवायला तिच्याकडे टेस्टच्या गुणांशिवाय आणखी काहीतरी असेल.